भिंतीवरचा निकाल

२० जानेवारी, सोमवार

दिवलीबाईचं वकीलपत्र घेतलं. तिचा अंगठा झाल्यावर कागद उघडून वाचायला बसले, आणि तेव्हा कळलं की मी नेमकी कुणाशी भांडायला निघालेय.

बाई मोलगीच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची. साठीच्या आसपासची असावी, तिलाही नक्की माहीत नाही. बापाची एकुलती. बाप थकल्यावर शेत हिनेच कसलं आणि बापालाही शेवटपर्यंत हिनेच सांभाळलं. उतारावरचं शेत, बांधावर मोहाची झाडं, कोपऱ्यात हिचं झोपडं. बाप गेला आणि चुलतभाऊ रायसिंगने सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घेतलं. ही कोर्टात गेली आणि खालच्या कोर्टात हरली. आधीच्या वकिलाने नंदुरबारला जिल्हा कोर्टात अपील दाखल केलं आणि स्वतः सुरतेला जाऊन बसला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तिला शेतातून काढायचं नाही, असा हुकूम आहे. अपील गेलं की शेत गेलं, झोपडंही गेलं.

खालच्या कोर्टाने फार डोकं चालवलेलं नाही. आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, तिथे रूढी चालते. आणि रूढी काय ते हायकोर्टाने अठ्ठ्याण्णव सालीच सांगून ठेवलंय: मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नाही. विषय संपला.

तो अठ्ठ्याण्णवचा निकाल मला तोंडपाठ आहे. वकिली सुरू केल्यापासून मी हेमकांत सरांच्या ऑफिसात बसते आणि तिथल्या भिंतीवर तो काचेच्या चौकटीत लावलाय. सरांनी स्वतः हायकोर्टात उभं राहून मिळवलेला. आपल्याकडच्या वकिलाचा निकाल छापून आला, म्हणून बार रूममध्ये अजून त्याचं कौतुक होतं. चौकटीची काच दर दिवाळीला मीच पुसते.

केस परत द्यावी का, असं मनात आलं. दिवलीबाई समोर बसून पिशवीतून आमचूर काढत होती. "वकील बाई, हे तुला," म्हणाली. मग नाही दिली परत.

२१ जानेवारी

सरांना सांगितलं. गुडघे गेल्यापासून ते कोर्टात येत नाहीत, पण सकाळचे दोन तास ऑफिसात येऊन बसतात, पेपर वाचतात आणि माझ्या चुका काढतात.

आज पेपर खाली ठेवला. "मन्हाच घरमा बसीसन मन्हाच निकाल मोडशी?"

"मोडता उना तर मोडसू," मी म्हटलं.

वाटलं, आता टेबल उचलायला सांगतात. पण त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बठ्ठा वाच पह्यले. आन हेडनोट मी लिखेल नही, इतलं ध्यानमा ठेव."

हेडनोट म्हणजे निकालाच्या डोक्यावर पुस्तक छापणाऱ्यांनी दिलेला सारांश. तो वकील लिहीत नाही हे मला शिकवायची गरज नव्हती. म्हातारपणी माणसाला आपल्या पराक्रमाचं पारायण ऐकायला आवडतं. मी म्हटलं, सगळा पाठ आहे सर. त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर निकाल शोधत बसले. अठ्ठ्याण्णवचा निकाल आमच्या वर्गणीच्या संकेतस्थळावर जेमतेम दीड पानांचा आहे. हेडनोट आणि शेवटचा हुकूम. भिंतीवर आहे तेवढाच. त्यात नख शिरायला जागा नाही.

बाकीचे निकाल पोत्याने सापडतात. सुप्रीम कोर्ट वारंवार सांगतंय की जो रूढी आहे म्हणतो त्यानेच ती पुराव्याने शाबीत करायची. छान. पण जिल्हा न्यायाधीश म्हणणार, आमच्याच हायकोर्टाने आमच्याच जिल्ह्यातल्या केसमध्ये रूढी ठरवून दिलीय, मी तिच्या पलीकडे कसा जाऊ? आणि ते बरोबरच म्हणतील. मी त्या खुर्चीवर असते तर मीही हेच म्हटलं असतं. याचा मला जास्त राग येतो.

योगेंद्रचा फोन आला. वडील गेल्यापासून राहिलेलं सातबाऱ्याचं काम या उन्हाळ्यात उरकायचं म्हणतो. "आखाजीले येशीच ना? तवय हक्कसोडवर सही करी टाक, शुक्रवारी शहाद्याले रजिस्ट्री करी लेऊत." हो म्हटलं, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी जातेच मी. भाऊ गुणी आहे. माझ्या लॉ कॉलेजच्या वेळी घरात सगळे नको म्हणत होते तेव्हा तोच मोटरसायकलवर बसवून मला धुळ्याला घेऊन गेला होता.

९ फेब्रुवारी

सापडला! दुसऱ्या एका हायकोर्टाचा निकाल. आदिवासी मुलगी, बापाची जमीन, चुलतभाऊ, सगळं आमच्यासारखं. आणि मुलगी जिंकली! न्यायमूर्तींनी असं काही लिहिलंय की वाचून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन चार प्रती काढल्या. एक प्रत मुद्दाम सरांच्या टेबलावर, पेपरच्या वर ठेवली. बघा म्हणावं.

१० फेब्रुवारी

सरांनी प्रत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "याना पुढे काय व्हयनं?"

"पुढे म्हणजे?"

"वर गया व्हता का कोनी?"

तपासलं. गेला होता. चुलतभाऊ सुप्रीम कोर्टात गेला होता आणि तिथे तो निकाल रद्द झाला होता. मी जो निकाल छातीशी धरून नाचत होते तो कधीच मेलेला होता. कोर्टात दिला असता तर समोरच्या पितांबर वकिलांनी भर कोर्टात माझं हसं केलं असतं, आणि ते हसतात तेव्हा शिरस्तेदारसुद्धा हसतो.

सर हसले नाहीत. फक्त म्हणाले, "बठ्ठं वाचानी सवय नही तुमले. डोकं वाचतस आन पान पलटतस." रागाने चारही प्रती फाडल्या. पाठची बाजू कोरी होती, ती तरी ठेवायला हवी होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तारीख होती. पुढची मिळाली. न्यायाधीश साहेबांनी बजावलं, एप्रिलमध्ये युक्तिवाद ऐकणार, सुट्टीच्या आत निकाली काढणार. पितांबर वकील जिना उतरताना म्हणाले, "मॅडम, उगाच कशाला? तुमच्याच भिंतीवरनं काढून आणला तरी चालेल की तो निकाल." मी म्हटलं, काच फुटेल, तुम्हाला लागेल.

दिवलीबाई ऑफिसात येऊन बसली. परतीच्या जीपला वेळ होता. रायसिंगने खालच्या कोर्टात दिलेली साक्ष मी तिला वाचून दाखवली. उलटतपासणीत त्याला विचारलं होतं, कुठल्या मुलीला वाटा नाकारल्याचं उदाहरण सांगता येईल का. त्याने उत्तर दिलं, "नाही सांगता येणार. आमच्यात पोरी मागत नाहीत."

"खरं बोलला," दिवलीबाई म्हणाली. "कोण मागेल? मागितलं तर भाऊ होळीला बोलवत नाही. मी मागितलं. मला बोलवत नाही."

तेवढ्यात योगेंद्रचा फोन. साडी कुठल्या रंगाची घेऊ, आई विचारतेय. हक्कसोडला बहिणीला साडी द्यायची असते. मी म्हटलं, जांभळी घ्या, आणि सहीचं काम सकाळीच उरकू, दुपारी उकडतं.

फोन ठेवला तर दिवलीबाई माझ्याकडे बघत होती. विचारलं, "तुझं शेत किती?"

"माझं कुठलं शेत? भावाचं आहे. तापीकाठी. केळी लावतो."

"बाप तुझा पण होता?"

"होता की."

ती पदर तोंडाला लावून हसली. चांगली खांदे हलेपर्यंत हसली. काय एवढं हसण्यासारखं होतं कळलं नाही. मग जीपची वेळ झाली आणि ती गेली.

४ मार्च

सरांशी भांडण. खरंखुरं.

मी म्हटलं, तुमचा निकाल अन्यायाचा आहे. एका बाईला घराबाहेर काढायला तो वापरतायत आणि तुम्ही तो दागिन्यासारखा भिंतीवर टांगलाय. आवाज चढला होता. बाहेरचा पानवाला आत डोकावला.

सरांनी पेपर बाजूला ठेवला. "अन्याय शे का नही ते मी नही ठरावत. मन्हा पक्षकार मन्हाकडे उना, मी त्याले जिताडं. तू तुन्हावालीले जिताड."

"कशी जिताडू? वाट बंद करी ठेयेल शे तुम्ही!"

"मी?" एवढंच म्हणाले. काठी घेतली आणि वेळेच्या आधीच घरी गेले. जाताना त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ऑफिस बदलावं लागलं तर बार रूमच्या बाकावर बसेन, पण अपील सोडणार नाही.

१५ मार्च, शनिवार



होळी-धुळवडीमुळे कोर्ट बंद, अर्धं गाव बंद, आणि इंटरनेटही बंद. नुसतं बसवेना म्हणून ऑफिस उघडलं. माझ्या टेबलामागच्या फळीवर लॉ रिपोर्टचा अठ्ठ्याण्णवचा जाडजूड खंड होता. हे जुने खंड नेहमी अगदी वरच्या फळीवर असतात, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही. झाडणाऱ्या बाईने खाली काढून ठेवला असेल. म्हटलं, आहे समोर तर बघू, सरांचा निकाल पुस्तकात कसा दिसतो.

तो दीड पानांचा नाही. अकरा पानांचा आहे.

संकेतस्थळावर आहे ती नुसती टीप. भिंतीवर आहे ते पहिलं पान आणि शेवटचा हुकूम. इतकी वर्षं जिल्ह्यातले सगळे वकील, खालचं कोर्ट, पितांबर वकील आणि मी, सगळे त्या पहिल्या पानावर जगतोय. सातव्या पानावर हायकोर्ट म्हणतं:

"मुलीस वाटा न देण्याची रूढी समाजात आहे, हे अपीलकर्त्या मुलीच्या वकिलांनी आमच्यासमोर मान्य केले आहे. त्यामुळे अशी रूढी खरोखर आहे किंवा नाही, या प्रश्नात शिरण्याचे आम्हाला कारण नाही."

शिरण्याचे कारण नाही! हायकोर्टाने रूढी ठरवलेलीच नाही. समोरच्या बाजूने मान्य केली, मग हायकोर्ट त्यात पडलंच नाही, आणि छापणाऱ्याने हेडनोटमध्ये लिहून टाकलं की मुलीला वाटा नाही. जो मुद्दा कोर्टासमोर लढला गेला नाही, तो कोर्टाने ठरवला असं कोण म्हणेल? आणि जे ठरवलंच नाही ते जिल्हा न्यायाधीशांना बांधणार कसं?

स्टुलावर चढून उरलेले खंड काढले. संध्याकाळपर्यंत मला हवे होते ते निकाल मिळाले, सुप्रीम कोर्टाचे: वकिलाच्या कबुलीवर दिलेला निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून चालत नाही. यावेळी प्रत्येकाचं पुढे काय झालं तेही तपासलं. सगळे जिवंत आहेत.

धुळीने शिंका येऊन येऊन नाक लाल झालंय. मी खूश आहे. फार खूश आहे.

१७ मार्च

सरांसमोर खंड उघडून सातवं पान ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं."

"मन्हीच केस व्हती. माले नही तर कोनले?"

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? दोन महिने मी भिंतीवर डोकं आपटतेय!"

"सांगं व्हतं. बठ्ठा वाच म्हने मी."

"तुमचा पक्षकार जिंकला तो रूढीमुळे नाही. समोरचा वकील हरला म्हणून."

सरांनी मान हलवली.  "तो हरना नही, दामिनी. तो बोलनाच नही. न्यायमूर्तीनी इचारं, मान्य शे का? तो म्हने, मान्य शे. ती पोर मांगे बाकवर बसेल व्हती. तिले काय समजनं नही, ती मन्हाकडे देखी ऱ्हायनी व्हती." मग पेपर उघडला. "मी कसाले बोलू? मी तिना वकील नव्हतू."

हे सगळं त्यांनी सव्वीस-सत्तावीस वर्षं पोटात ठेवलं आणि वर चौकट करून भिंतीला लावलं. मला त्यांचा अजून राग आहे. ते आज कण्हत कण्हत बसत होते, खांदा धरून. काय झालं विचारलं तर म्हणाले, काही जड उचललं. या वयात काय उचलत बसतात कोण जाणे. बाम आणून दिला.

८ एप्रिल, मंगळवार

युक्तिवाद झाला.

पितांबर वकिलांनी दीड पान वाचलं आणि बसले. "साहेब, याहून जास्त बोलण्याची गरजच नाही. हा निकाल ज्यांनी मिळवला ते ज्येष्ठ वकील स्वतः आज कोर्टात हजर आहेत." मी वळून पाहिलं. खरंच, सर शेवटच्या बाकावर, काठीवर हनुवटी टेकून. मला सांगितलं नव्हतं येणार म्हणून. दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून जिना चढले, असं नंतर कळलं. पितांबर वकिलांना वाटलं ते त्यांच्या बाजूने आलेत. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

मग चिडले. चिडल्यावर मी बरी बोलते. खंड उचलून साहेबांसमोर ठेवला आणि म्हटलं, माझी विनंती आहे की हा निकाल कोर्टाने पाळावा. अक्षरशः पाळावा. फक्त पूर्ण वाचून पाळावा.

साहेबांनी सातवं पान मोठ्याने वाचलं. दोनदा. पितांबर वकिलांकडे बघून विचारलं, "हे तुम्ही वाचलं होतं?" पितांबर वकील म्हणाले, हेडनोट स्पष्ट आहे साहेब. साहेब म्हणाले, "मी हेडनोटबद्दल विचारलं नाही."

मग मी रायसिंगची साक्ष काढली. त्याने एकही उदाहरण दिलेलं नाही. तो एवढंच म्हणतो, आमच्यात पोरी मागत नाहीत. साहेब, मी म्हटलं, न मागणं ही रूढी नाही. मागितलं की भाऊ तुटतो, माहेर तुटतं, म्हणून बाई गप्प बसते. त्या गप्प बसण्याला कोणी तिची कबुली म्हणत असेल तर कबुली कोणी मागितली आणि कुठल्या परिस्थितीत दिली, हेही विचारायला हवं. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी एका मुलीच्या वकिलाने "मान्य आहे" म्हटलं. दिवलीबाई "मान्य नाही" म्हणतेय. तिचं ऐकावं लागेल.

साहेबांनी निकाल पंचवीस तारखेला ठेवला.

सर निघून गेले होते. ऑफिसात गेले तर त्यांच्या टेबलावर कागदात बांधलेली भजी होती, माझ्यासाठी ठेवलेली. गार झाली होती, तरी सगळी खाल्ली.

१३ एप्रिल

योगेंद्रने हक्कसोडचा मसुदा मोबाइलवर पाठवलाय. शहाद्याच्या लेखनिकाने टाइप केलेला. "एकदा नजर मार," लिहिलंय. वरचं वाचलं, नावं आणि गट नंबर बरोबर आहेत. ठीक आहे लिहून पाठवलं. निकालाच्या काळजीत दुसरं काही सुचत नाहीये.

२५ एप्रिल, शुक्रवार

जिंकलो.

अपील मंजूर. खालचा निकाल रद्द. दिवलीबाई बापाची वारस, शेत तिचं, रायसिंगने ताब्याला हात लावायचा नाही. साहेबांनी अठ्ठ्याण्णवच्या निकालातल्या सातव्या पानाबद्दल वेगळा परिच्छेद लिहिलाय. रूढी सांगणाऱ्याने ती शाबीत केली नाही, आणि कोणी मान्य केल्याने ती सर्वांसाठी शाबीत होत नाही. या ओळी मी चार वेळा वाचल्या. पूर्ण निकालही वाचला, शेवटच्या सहीपर्यंत.

दिवलीबाईला सांगितलं तर ती आधी म्हणाली, "मोह वाळत घातलाय, शेळ्या खातील, जाते मी." मग दोन पावलं गेली आणि परत आली. "रायसिंग वर जाईल?"

"जाऊ शकतो. हायकोर्टात."

"जाऊ दे. तू पण चल, मी पण येते." मग एकदम विचारलं, "तुझी सही झाली?"

मला क्षणभर कळेना कुठली. मग आठवलं. "बुधवारी आहे. आखाजीला."

"बरं," म्हणाली. यावेळी हसली नाही.

सर ऑफिसात होते. निकाल ऐकून त्यांनी फक्त हात पुढे केला, प्रत मागितली आणि वाचायला घेतली. पहिल्या पानापासून. मी विचारलं, चौकट काढू का भिंतीवरची? रागावलेच. "कसाले? मी ती केस जिंकेल शे. ऱ्हाऊ दे तठेच." राहिली तिथेच.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

प्रकाशा गावच्या स्टँडवर बसून लिहितेय. नंदुरबारची गाडी लागायची आहे. लिहून काढलं नाही तर डोकं फुटेल.

सकाळी घरी पोचले तेव्हा आई घागर पुजत होती. वडिलांच्या नावाची घागर, वर खरबूज ठेवलेलं. कडुनिंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी झुलत होत्या. आईने जवळ घेतलं. "वाळी गई मन्ही आंडेर." लेक वाळली म्हणे. रसाचा वास घरभर. योगेंद्र खळ्यातून आला, हातात केळीची फणी. दर वेळी जाताना तो माझ्यासाठी वेगळी काढून ठेवतो. मी खरंच सुखात होते, हे लिहून ठेवायला हवं.

ओसरीवर चटई टाकली. जांभळी साडी, तिच्यावर कुंकवाची वाटी, आणि शेजारी हक्कसोडचा कागद. योगेंद्रने पेन दिलं. "वर नाव शे, खाल सही कर, झायं."

मला आता नवीन सवय लागलीय. पहिल्या पानावरून दुसऱ्यावर गेले. सगळं वाचायला लागले. योगेंद्र हसला, "वकीलबाई भाऊना कागदबी तपासतस!" आई हसली, मीही हसले. आणि दुसऱ्या पानावर आलं:

"आमच्या घराण्याच्या रूढीप्रमाणे मुली वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागत नाहीत, ही रूढी मला मान्य आहे."

पुन्हा वाचलं. मान्य आहे. तेच शब्द.

दिवलीबाई पदर लावून का हसली ते मला तिथे, ओसरीवर, हातात पेन घेऊन कळलं. खालच्या कोर्टातली रायसिंगची साक्ष तिला ऐकवता ऐकवता मी तिच्यासमोरच भावाला साडीचा रंग सांगत होते. आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, म्हणून तिला रूढीशी झगडावं लागलं. मला तर कायदाच लागू आहे. माझ्या वाट्याला कुठल्याही निकालाची गरज नाही. मला फक्त हे वाक्य लिहून द्यायचं नव्हतं, आणि मी ते लिहून द्यायला आले होते. सकाळीच उरकू म्हणून.

पेनचं टोपण लावलं.

"काय व्हयनं?" योगेंद्र.

"माले मान्य नही, भाऊ."

त्याला वाटलं मसुद्यात चूक आहे. "बदली लेऊत. काय नही मान्य?"

"बठ्ठंच."

आईचा हात कुंकवाच्या वाटीवर होता तो तिथेच राहिला. ती म्हणाली, "आपलामा पोरी मांगतस का, बाई?"

मी म्हटलं, "मी मांगी ऱ्हायनू."

योगेंद्र ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो ओरडला नाही. त्याचा चेहरा धुळ्याला नेलं होतं त्या दिवसासारखाच होता, साधा. "कोर्टमा जाशी का मन्हावर?" असं विचारलं. मी म्हटलं, तू सरळ वाटणी करशील तर कशाला जाईन? तुझं शेत तू कस, केळी लाव, माझ्या वाट्यात काय लावायचं ते मला विचारून लाव. माझं नाव सातबाऱ्यावर राहील. तो म्हणाला, लोके काय म्हनतीन. मी म्हटलं, म्हणू दे, मी वकील आहे, मला उत्तरं येतात. मग तो उठून खळ्यात गेला. जेवायला आला नाही.

आईने माझं ताट वाढलं. रस वाढला. स्वतः समोर बसली नाही. मी जेवले. न जेवता उठले असते तर ती माघार झाली असती, आणि रस वाया गेला असता. सगळं संपवलं. बाहेर झोक्यावरची गाणी चालूच होती.

निघताना दिवलीबाईचं आठवलं: मागितलं की भाऊ होळीला बोलवत नाही. पुढच्या आखाजीला मला बोलावतील की नाही माहीत नाही. हे लिहिताना रडू येतंय, येऊ दे. बोलावलं नाही तरी मी जाणार. माहेर माझंही आहे, सातबाऱ्यावर असो नसो.

केळीची फणी खाटेवर तशीच होती. कोणी हातात दिली नाही, मी घेतली. मग ओसरीवर आले, चटईवरून साडी उचलली आणि पिशवीत घातली. आई दाराशी आली. "सही करी नही, मंग साडी कसाले?"

"साडी आखाजीनी शे, माय," मी म्हटलं. "सहीनी नही. मी लई जाई ऱ्हायनू."

तिने अडवलं नाही.